धार ते भोपाळ : दगडाचे संग्रहालय आणि मातीचे गाव



वाचनालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने संग्रहालयांविषयी बोलणे काहींना विषयांतर वाटण्याचा संभव आहे. परंतु ग्रंथसंग्रह आणि वस्तुसंग्रह ही एकाच इच्छेची दोन अपत्ये आहेत. जे काळाच्या ओघात वाहून जाणार ते कुणीतरी थांबवून धरावे, नीट मांडून ठेवावे आणि पुढच्या पिढीच्या हाती द्यावे, ही ती इच्छा. या दोहोंपुढील अडचणही एकच आहे. ती कोणती, हे माळव्यातील एका वाटेने गेल्यास फार स्पष्ट दिसते. धारहून निघावे, इंदूर ओलांडून देवासला थांबावे आणि तेथून भोपाळ गाठावे, एवढीच ती वाट. मोटारीने एका दिवसातही ती पुरी होते; पण पाहणाऱ्याने तिला चार दिवस दिले तर ते वाया जात नाहीत.

धार म्हणजे परमारांची धारानगरी, अकराव्या शतकातील राजा भोजाची राजधानी. अठराव्या शतकात मराठ्यांच्या उत्तरेकडील स्वाऱ्यांबरोबर पवार घराणे येथे स्थिरावले आणि पुढे १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन होईपर्यंत येथे मराठी राज्यकर्त्यांची गादी होती. गावालगतच्या टेकडीवर किल्ला आहे. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई यांनी अडचणीच्या काळात याच किल्ल्याचा आश्रय घेतला होता आणि दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ मध्ये येथेच झाला. पुण्याच्या पेशवाईचा शेवट ज्याच्या हातून व्हावयाचा, त्याने पहिला श्वास माळव्यात घेतला, हे मराठी वाचकाच्या सहसा ध्यानी नसते. आता याच किल्ल्यात पुरातत्त्व संग्रहालय आहे. परमारकालीन देवदेवता, द्वारशाखांचे तुकडे, नक्षीचे खांब असा पाषाणसंभार तेथे जपून ठेवला आहे.

धारच्या या जपणुकीची सुरुवात विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी झाली आणि तिच्यामागे काशिनाथ कृष्ण लेले या मराठी गृहस्थांचे श्रम होते. लेले हे संस्थानच्या शिक्षणखात्याचे अधिकारी. भोजशाला आणि कमाल मौला मशीद या दोन्ही नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत १९०३ मध्ये त्यांच्या नजरेस एक कोरीव शिळा आली. त्या काळ्या शिळेवर संपूर्ण नाटिकेचा अर्धा भाग कोरलेला होता. नाटिकेचे नाव ‘पारिजातमंजरी’ अथवा ‘विजयश्री’. तेराव्या शतकाच्या आरंभीचा परमार राजा अर्जुनवर्मा हा तिचा नायक आणि त्याचा गुरू मदन हा तिचा कर्ता. गुजरातच्या राजावर मिळविलेला विजय एका तरुणीचे रूप घेऊन राजापुढे येतो, अशी तिची कल्पना. जर्मन पंडित हुल्ट्श यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात ती संपादून प्रसिद्ध केली. नाटिका चार अंकांची. शिळेवर आहेत दोनच अंक. उरलेल्या दोन अंकांची शिळा मिळालेली नाही. सुमारे आठशे वर्षे नायक-नायिका दुसऱ्या अंकाच्या शेवटी थांबून आहेत. लेल्यांनी पुढे शिवराम काशिनाथ ओक यांच्यासह संस्थानचा इतिहासही मराठीत लिहिला. शिलालेख वाचणारा, इतिहास लिहिणारा आणि शाळा चालविणारा माणूस एकच असावा, हा त्या पिढीचा विशेष होता.

किल्ल्यापासून जवळच लाट मशीद आहे. दिलावरखान घोरीने १४०५ च्या सुमारास बांधलेल्या या मशिदीला तेथील लोखंडी लाटेवरून नाव मिळाले. लाट म्हणजे स्तंभ. हा स्तंभ आज अखंड नाही. त्याचे तीन तुकडे आहेत आणि तिघांची लांबी मिळून १३ मीटरांच्या आसपास भरते. दिल्लीजवळ मेहरौली येथील सुप्रसिद्ध लोहस्तंभाची उंची सुमारे ७ मीटर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे धारच्या लोहारांच्या सामर्थ्याची कल्पना येते. बादशहा अकबर दक्षिणेच्या स्वारीवर निघाला असतानाचा फारसी लेखही या लोखंडावर कोरलेला आहे. शहरात विखुरलेले हे तुकडे पुरातत्त्व खात्याने १९८० मध्ये मशिदीच्या आवारात एका चौथऱ्यावर आडवे मांडले. उन्हापावसात ते पडून आहेत आणि शतके लोटली तरी त्यांचे फारसे काही बिघडलेले नाही.

येथे एक साधी गोष्ट लक्षात येते. दगड आणि लोखंड यांना जपणे तुलनेने सोपे असते. त्यांना चौथरा द्यावा, डोक्यावर छप्पर द्यावे, नावाची पाटी लावावी आणि दाराला कुलूप घालावे. उद्या दहा वर्षे कुणी फिरकले नाही, तरी मूर्ती जागच्या जागी सापडते. लेल्यांच्या हाती पडण्यापूर्वी ती शिळा कित्येक शतके कुणी वाचली नव्हती. तरीही तिच्यावरील अक्षरे वाचता आली. दगडाला वाचकाची वाट पाहता येते.

मग ज्यांनी दगडावर अक्षर कोरले नाही, त्यांचे काय? हा प्रश्न धारमध्ये टाळता येत नाही, कारण धार जिल्ह्याच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक लोक भिल्ल, भिलाला आदी आदिवासी समाजांचे आहेत. परमार आले, सुलतान आले, मोगल आले, पवार आले. या सर्वांच्या आधीपासून आणि सर्वांच्या नंतरही डोंगरउतारावरची ही वस्ती आहे. किल्ल्यातील संग्रहालयात राजा भोजाचा काळ भेटतो. पण त्याच काळात टेकडीखाली नांगर धरणारा, दगड वाहून आणणारा माणूस तेथे भेटत नाही.

मांडूला गेले म्हणजे हा प्रश्न अधिकच टोचतो. धारपासून सुमारे ३५ किलोमीटरवरील या गडावर छप्पन महाल नावाची एक जुनी इमारत आहे आणि तिच्यात आता संग्रहालय आहे. नाव ऐकून छप्पन दालने डोळ्यांपुढे येतात; परंतु नावाचा उगम वेगळा सांगतात. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९ चा भीषण दुष्काळ, ज्याला उत्तरेत छप्पनिया म्हणतात, त्या वर्षी धार दरबाराने या इमारतीची दुरुस्ती केली, म्हणून ती छप्पन महाल. पोटासाठी दुष्काळात कुणीतरी तेथे चुना मळला असेल, घमेली वाहिली असतील. महालाच्या नावात दुष्काळाचे वर्ष उरले. वाहणाऱ्यांची नावे उरली नाहीत.

भिल्लांना स्मरणाची हौस नाही, असे मात्र कुणी समजू नये. पश्चिम माळव्यात शेताच्या कडेला, वाटेच्या वळणावर, मृतांच्या स्मरणार्थ उभारलेले दगड दिसतात. त्यांवर बहुधा घोडेस्वार कोरलेला असतो. घराच्या भिंतीवर नवस फेडण्यासाठी पिठोऱ्याची चित्रे काढतात. त्यांतही घोडेच घोडे असतात. परंतु हा दगड शेताचा आहे आणि हे चित्र नवसाचे आहे. ते उचलून काचेच्या कपाटात ठेवले तर रंग आणि रेषा येतील. शेत आणि नवस मागे राहतील. यासाठीच जगात निराळ्या प्रकारच्या संग्रहालयाची कल्पना निघाली. आर्थर हाझेलियस या स्वीडिश गृहस्थाने १८९१ मध्ये स्टॉकहोम शहरात स्कान्सेन नावाचे खुले संग्रहालय सुरू केले. कारखान्यांच्या युगात खेडी झपाट्याने पालटत होती; तेव्हा वस्तूंऐवजी घरेच्या घरे उचलून आणून एका टेकडीवर मांडावीत आणि पाहणाऱ्याने त्या घरांतून हिंडावे, अशी ती योजना. तशा योजनेचे भारतातील मोठे रूप भोपाळला आहे, आणि तिकडे जाण्याची वाट देवासवरून जाते.

देवास हे मराठी माणसाला दोन कारणांनी जवळचे आहे. पवारांच्या दोन भावांनी वसविलेले हे संस्थान थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्यांत विभागलेले होते. एकाच गावात दोन राजे, दोन वाडे, दोन दरबार. गावावरच्या टेकडीवर देवीही दोन : तुळजाभवानी आणि चामुंडा, लोक त्यांना थोरली माता आणि धाकटी माता म्हणतात. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१२ च्या नाताळात येथे प्रथम आले आणि १९२१ मध्ये थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांचे खाजगी चिटणीस म्हणून काही महिने राहिले. वाड्यातील गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांनी जवळून पाहिला आणि त्याचे पडसाद त्यांच्या १९२४ मधील ‘अ पॅसेज टू इंडिया’ या कादंबरीच्या अखेरच्या भागात उमटले. त्या काळातील त्यांची पत्रे १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ या नावाने ग्रंथरूपाने आली. ज्या गोकुळाष्टमीत मराठी मानकरी, पुजारी आणि भजनी मंडळी यांच्या डोळ्यांदेखत सर्व घडले, तिचे सर्वांत तपशीलवार वर्णन जगाने वाचले ते एका परक्याच्या पत्रांतून. घरच्यांना ते नित्याचे होते, म्हणून लिहून ठेवावेसे वाटले नाही. नित्याच्या गोष्टी सर्वांत आधी हरवतात, त्या याच कारणाने.

दुसरे कारण म्हणजे कुमार गंधर्व. क्षयाने ग्रासलेले कुमारजी १९४८ च्या आरंभी हवापालटासाठी देवासला आले आणि १९९२ मध्ये निधन होईपर्यंत देवासचेच राहिले. गाणे बंद, अंथरुणाशी खिळलेले, अशा त्या वर्षांत त्यांच्या कानांवर पडत होती ती माळव्याची लोकगीते. लग्नाची, सणावारांची, पावसाची. त्यांनी ती ऐकली, टिपली, त्यांच्या चाली तपासल्या. त्यांतूनच रागांचे मूळ लोकधुनांत आहे, हा त्यांचा विचार दृढ झाला. लोकधुनांतून त्यांनी घडविलेले धुनउगम राग आणि १९६५ मधील ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ या श्रमांची साक्ष देतात. संग्रहालयाच्या दृष्टीने पाहिले तर कुमारजींनी माळव्याच्या अंगणातील वस्तू जमविल्या, परंतु त्या कुलपात ठेवल्या नाहीत, गळ्यात ठेवल्या. गळ्यात ठेवलेली वस्तू रोज काढावी लागते, रोज घासावी लागते. ती शिष्याच्या गळ्यात गेली तरच उरते. धारच्या शिळेसारखी ती सातशे वर्षे कुणाची वाट पाहू शकत नाही.

हे मनात ठेवून भोपाळच्या श्यामला टेकडीवर चढावे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाची स्थापना १९७७ मध्ये दिल्लीत झाली आणि १९७९ मध्ये ते भोपाळला आले. मोठ्या तलावाकाठच्या सुमारे २०० एकर टेकडाळ जागेत ते पसरलेले आहे. या जागेतच प्राचीन चित्रे असलेले शैलाश्रय आहेत. म्हणजे संग्रहालय येण्याच्या हजारो वर्षे आधी मनुष्य येथे येऊन भिंतीवर काही लिहून गेला होता. खुल्या आवारात देशाच्या निरनिराळ्या भागांतील घरे उभी आहेत : डोंगरातील, वाळवंटातील, समुद्रकाठची, जंगलातील. आपल्या ठाणे-पालघरकडील वारल्यांचे घर तेथे आहे, तसेच पिठोऱ्याची परंपरा जपणाऱ्या राठवांचेही. शेजारीच मध्य प्रदेश शासनाचे जनजातीय संग्रहालय २०१३ मध्ये उघडले. गोंड, भिल्ल, बैगा, कोरकू, कोल, भारिया आणि सहरिया या सात जमातींचे जीवन त्यात मांडलेले आहे. झाबुआकडील पिटोल गावच्या भूरीबाई एकेकाळी भोपाळच्या भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करीत होत्या. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांच्या हाती कागद आणि रंग दिले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मांडूच्या महालावर घमेली वाहणाऱ्यांची नावे उरली नाहीत. भोपाळच्या बांधकामावर घमेली वाहणाऱ्या एका स्त्रीचे नाव उरले, आणि तिची चित्रे आता संग्रहालयाच्या भिंतीवर आहेत. एवढा पल्ला एका शतकात पडला, हे लहान नव्हे.

मानव संग्रहालयातील घरांचे वैशिष्ट्य असे, की ती कंत्राटदाराने नकाशावरून बांधलेली नाहीत. त्या त्या समाजातील माणसे आपापले साहित्य घेऊन आली आणि आपल्या रीतीने त्यांनी घरे उभारली. मेढी कोणत्या लाकडाची, कूड कशाचा, लिंपणाच्या मातीत काय मिसळायचे, चूल कोणत्या बाजूला, हे त्यांनी ठरविले. पाहणारा वाकून दारातून आत जातो, तेव्हा डोळ्यांना काळोखाची सवय होईपर्यंत क्षणभर थांबतो. हे थांबणे काचेच्या कपाटापुढे कधी घडत नाही.

तरीही या गावात काहीतरी उणे आहे आणि ते सांगितले पाहिजे. धार-झाबुआकडील भिल्लांचे गाव मराठी खेड्यासारखे दाटीवाटीचे नसते. गावाच्या वाड्यांना फळिया म्हणतात आणि एका फळियातील घरेही एकमेकांपासून दूर, आपापल्या शेतात, आपापल्या टेकाडावर असतात. एका घरातून दुसऱ्या घरी हाक मारायची तर आवाज चढवावा लागतो. त्या समाजाचे घर म्हणजे केवळ कूड आणि कौले नव्हेत. त्या घराभोवतीचे अंतर हेही त्या घराचा भाग आहे. संग्रहालय घर आणू शकते. अंतर आणू शकत नाही. २०० एकर जागाही त्याला अपुरी पडते. शिवाय त्या घरांत कोंबडी नाही, धूर नाही, आजारी म्हातारा नाही, कर्ज नाही. रिकामे घर फार नीटनेटके दिसते आणि पाहणाऱ्याला गरिबीही सुंदर वाटू लागते, हा अशा संग्रहालयांचा मोठा धोका होय.

याच्या उलट टोकाचे उदाहरण महाराष्ट्रात आहे, आणि देवासशी त्याचा दूरचा ऋणानुबंधही आहे. तिसरे तुकोजीराव हे राजर्षी शाहूमहाराजांचे जावई. त्यांचे पुत्र विक्रमसिंह १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक जाऊन शहाजी छत्रपती झाले. त्याच कोल्हापूरजवळ कणेरीच्या सिद्धगिरी मठात ग्रामजीवनाचे संग्रहालय आहे. तेथे घरे रिकामी नाहीत; शेकडो पुतळ्यांनी गाव भरले आहे. कुंभार चाक फिरवितो आहे, न्हावी हजामत करतो आहे, सुतार पटाशी चालवितो आहे. मुलांना ते फार आवडते आणि आजोबांना नातवंडांना सांगण्याजोगे पुष्कळ सापडते. हा त्याचा मोठाच गुण. पण तेथील कुंभाराचे मडके कधी पुरे होत नाही आणि फुटतही नाही. भोपाळला घर आहे, माणूस नाही. कणेरीला माणूस आहे, पण तो हलत नाही. गाव जसेच्या तसे जपता येत नाही, एवढे या दोहोंवरून निश्चित होते.

मग मातीचे गाव उभारण्याचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो पावसाळ्यानंतर कळतो. मातीची भिंत प्रत्येक पावसाळ्यात थोडी थोडी विरघळते. कूड कुजतो, कौले सरकतात, वाळवी मेढी पोखरते. दगडाची मूर्ती कुलपात सुरक्षित असते; मातीचे घर कुलपात ठेवले तर चार-दोन पावसाळ्यांत खाली बसते. ते टिकवायचे तर पुन्हा माती मळावी लागते, पुन्हा सारवावे लागते, आणि ज्यांना ती रीत येते त्यांनाच पुन्हा बोलवावे लागते. बापाने उभारलेली भिंत लिंपावयास मुलगा आला तर त्याला ती विद्या यावी लागते. म्हणजे या संग्रहालयात खरोखर जपली जाते ती भिंत नव्हे; भिंत घालण्याची कला आणि ती जाणणारा माणूस. दगडाला छप्पर पुरते, मातीला हात लागतात. खुल्या संग्रहालयाचे हेच दौर्बल्य आणि हेच त्याचे सामर्थ्य.

ही गोष्ट केवळ आदिवासी बांधवांच्या घरांपुरती नाही. धार-देवासच्या मराठी घरांनाही ती तितकीच लागू पडते. वसईचे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके, ज्यांनी मुंबईच्या गिरगाव चौपाटीवरील लोकमान्यांचा पुतळा घडविला, ते धारला स्थायिक झाले आणि १९७२ पर्यंतचे त्यांचे आयुष्य तेथेच गेले. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा स्टुडिओ धारमध्ये आहे, त्यांचे पुतळे आहेत. ते दगडाच्या आणि धातूच्या जातीचे, टिकणारे. परंतु ज्या मराठीत फडके आपल्या शिष्यांशी बोलले, ज्या मराठीत लेले शाळातपासनीस म्हणून शेरे लिहीत, ती माळव्याची मराठी कोणत्या कपाटात ठेवावी? संस्थाने विलीन झाली, दरबारचे मराठीचे स्थान गेले. शाळेत आणि बाजारात हिंदी आली. त्यात दुःख करण्याजोगे काही नाही. ज्या भूमीत राहावे तिची भाषा बोलावी, हा धर्मच आहे. पण देवडी, ओसरी, माजघर, फडताळ, कडीपाट हे शब्द वाड्याबरोबर जातात. वाडा पाडला की पहिल्या पिढीला शब्द आठवतो, दुसरीला ऐकल्यासारखा वाटतो, तिसरीला त्याचा अर्थ विचारावा लागतो. भाषा ही मातीची भिंत आहे. तिला रोज कुणीतरी सारवले तरच ती उभी राहते.

आणि म्हणूनच हा विषय वाचनालयाच्या दारात येऊन पोहोचतो. शंभर वर्षे जुने वाचनालय पाहताना कपाटे दिसतात, दाखलपुस्तके दिसतात, देणगीदारांच्या तसबिरी दिसतात. ते दगडाचे संग्रहालय आहे असा भास होतो. छप्पर गळत नाही आणि वाळवी लागत नाही, एवढे पाहिले म्हणजे कर्तव्य संपले, असे वाटते. वस्तुतः वाचनालय हे मातीचे घर आहे. ज्या पुस्तकावर वर्षानुवर्षे परत करण्याच्या तारखेचा शिक्का पडला नाही, ते जपले गेले असे म्हणता येत नाही. ते फक्त शिल्लक आहे.

शताब्दीच्या वर्षी सभासदांपुढे एक छोटे काम ठेवण्याजोगे आहे. त्याला निधी लागत नाही, इमारत लागत नाही. प्रत्येक सभासदाने आपल्या घरातील वा ओळखीतील एका वृद्ध व्यक्तीजवळ बसावे आणि त्या व्यक्तीच्या बालपणीचे घर लिहून घ्यावे. दार कोणत्या दिशेला होते, पाणी कुठून येई, कोणत्या कोनाड्यात दिवा असे, दळणकांडण कुठे चाले, घराच्या प्रत्येक भागाला काय म्हणत, आणि त्या घरात कुणाला कुठपर्यंत येण्याची मुभा होती. हा शेवटचा प्रश्न वगळू नये, कारण ज्यांना उंबऱ्याबाहेर थांबावे लागे त्यांच्या आठवणीवाचून ते घर पुरे होत नाही. अशी शंभर घरे शंभर वह्यांत उतरली, तर वाचनालयाला आपले खुले गाव लाभेल. ते पाहावयास तिकीट लागणार नाही; फक्त वाचावे लागेल.

धारच्या शिळेवरील नाटिकेचे उरलेले दोन अंक कदाचित उद्या एखाद्या भिंतीत सापडतील. दगडाच्या बाबतीत तेवढी आशा बाळगता येते. आजीच्या तोंडचे अर्धे राहिलेले वाक्य मात्र कोणत्याही भिंतीत सापडणार नाही. ते ज्याला ऐकावयाचे असेल, त्याने आजच तिच्याजवळ जाऊन बसले पाहिजे.